चार पिवळे बल्ब

“आधी सांग, मग वळ!”

हा आवाज माझ्या कानात बसला तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मागच्या सीटवर मी, पुढे चाकाशी कुणीतरी घामाघूम झालेला शिकाऊ, आणि त्याच्या शेजारी बाबा, पाय जादाच्या ब्रेकवर अलगद टेकवलेला. शाळा सुटल्यापासून आई कामावरून येईपर्यंत मला ठेवायचं कुठं, तर गाडीत. त्यामुळे निम्मं शहर गाडी शिकताना मी पाहिलंय. कुणी रडलं, कुणी आईला हाका मारल्या, एकानं तर समोरून ट्रक आला म्हणून चाक सोडून दोन्ही हातांनी डोळेच झाकून घेतले. बाबा कधी चिडले नाहीत. फक्त वळण जवळ आलं आणि शिकाऊचा हात इंडिकेटरकडे गेला नाही, की तेवढं एकच वाक्य, घंटेसारखं. मग दांडी खाली व्हायची आणि गाडीच्या पोटातून आवाज यायचा, टिक-टिक, टिक-टिक.

“हात चाकाला, डोळे रस्त्याला, कान गाडीला,” बाबा शिकवायचे. “गाडीच्या आत काय चाललंय ते बघायचं नाही. ऐकायचं.”

रविवारी त्या शेजारच्या सीटवर आई बसायची. वळणावर टिकटिक सुरू झाली की ती त्या तालावर गुणगुणायची. गाणं तिचंच, तिनंच जुळवलेलं.

वळणाच्या आधी बाई, डोळा मिचकाव गाडीचा
मागल्याला कळू दे गं, बेत माझ्या वाटेचा

ती गाडी अजून आहे. ड्रायव्हिंग स्कूल बंद झालं, टपावरची पाटी निघाली, पाटीची दोन भोकं बाबांनी पुट्टी भरून बुजवली. शेजारच्या सीटपुढचा तो जादाचा ब्रेक मात्र त्यांनी काढू दिला नाही. बाबा आता पंचाहत्तरीचे आहेत. सगळे त्यांना अजून ‘मास्तर’च म्हणतात.

गोंधळ सुरू झाला तो महिन्याभरापूर्वी.

मी घरी पडदे शिवते. तळमजल्यावर आईबाबा, वर मी आणि माझं मशीन. एका सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई कापड घेऊन आल्या आणि माप देता देता म्हणाल्या, “मास्तरांचं काय चाललंय गं? काल डावीकडे वळणार, डावीकडे वळणार म्हणून तीन चौक मी त्यांच्या मागं थांबत-थांबत गेले. शेवटी वळले ते उजवीकडे!”

मी हसले. दोन दिवसांनी टपालवाले दारात उभे. “ताई, मास्तर अख्ख्या बाजारातून एक डोळा मिचकावत गेले. बायामाणसांनी काय समजायचं?”

तेव्हाही मी हसले. पण मग एक स्कूटरवाली, बाबा वळणार असं समजून, गल्लीतून पुढे आली. बाबा सरळ गेले. तिनं ब्रेक दाबला, आडवी झाली, कोपर सोलवटलं. बाबांनी उतरून तिला उठवलं, पाणी दिलं, दवाखान्यात नेलं. आणि तिथं जातानाही, ती मुलगी मला नंतर सांगत होती, डावा इंडिकेटर चालूच होता.

आता इतर गाड्यांत चाक सरळ झालं की दांडी आपोआप वर येते. आमच्या गाडीत येत नाही. हजारो शिकाऊंनी ओढून-ओढून आतली ती खाच कधीच झिजवून टाकली आहे. बाबांनी ती मुद्दाम दुरुस्त केली नाही. “आपण लावलेला दिवा आपणच विझवावा,” हे त्यांचं दुसरं वाक्य. ते इतकी वर्षं न चुकता विझवत आले. मग आत्ताच काय झालं?

स्कूटरची बातमी दुसऱ्या शहरातल्या दादापर्यंत कशी पोचली कोण जाणे. त्याचा फोन आला.

“विसरायला लागलेत ते,” दादा म्हणाला. “हे असंच सुरू होतं. आज इंडिकेटर, उद्या गॅस.”

“काही विसरत नाहीत रे. काल मला त्या डोळे झाकणाऱ्या शिकाऊचं आडनाव सांगितलं.”

“ते जुनं असतं, ते राहतं. हे बघ, तू तिथं आहेस, तूच बघ. शनिवारी अकरा वाजता मी फोन करतो. बाबा गाडी चालवू शकतात की नाही, तेवढं एका शब्दात सांग. ‘नाही’ म्हणालीस तर त्याच दिवशी किल्ली काढून घ्यायची. मी वाईटपणा घ्यायला तयार आहे.”

वाईटपणा दादा घेणार होता, पण किल्ली मला काढायची होती. बाबांच्या हातातून किल्ली काढणं म्हणजे शिंप्याच्या हातातून कात्री काढणं. मी शिवणारी बाई आहे, मला ते कळतं.

बाबांना विचारलं तर ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “बल्ब मंद झालेत. एलईडी टाकू या.”

“बाबा, बल्ब मंद आहे म्हणून इंडिकेटर चालू कसा राहील?”

“तुला नाही कळायचं. लख्ख उजेड पाहिजे. दिसला पाहिजे.”

“कुणाला?”

बाबांनी पान उलटलं. स्वयंपाकघरात किटलीची शिट्टी वाजत होती. त्यांच्या हातापासून चार पावलांवर. ते तसेच बसून राहिले. आई आतल्या खोलीतून आली, डाव्या हातानं गॅस बंद केला आणि म्हणाली, “आणू दे की त्यांना एलईडी. तुझं काय जातंय?”

आईचा उजवा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. महिन्यापूर्वी स्टुलावरून पडली आणि मनगट मोडलं. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत पांढरा ओंडका, नुसती बोटांची टोकं बाहेर. त्यामुळे ती गाडीत पुढं बसेनाशी झाली. मागं उशीवर हात ठेवून बसायची, नाहीतर घरीच राहायची. एरवी गेली चार वर्षं बाबा नुसतं पेट्रोल भरायला निघाले तरी आई शेजारी हजर. तीही कशी, तर एक हात बाबांच्या गुडघ्यावर ठेवून. मी एकदा म्हटलंही होतं, “आई, म्हातारपणी बरी पालवी फुटलीय.” तर म्हणाली, “तुझ्या पोटात का दुखतंय?”

आता मागच्या सीटवर बसून तिला खोकला लागला होता. घरात नाही हं, फक्त गाडीत. वळण झालं की खोकायची. मी धूळ म्हणाले, खिडक्या बंद केल्या. मग औषध आणलं. तिनं दोन चमचे मुकाट घेतलं, तोंड वाकडं करून.

एका महिन्यात माझ्याभोवती इतक्या गोष्टी सुट्या-सुट्या पडल्या होत्या, आणि मी, दिवसभर तुकड्याला तुकडा जोडणारी बाई, एकालाही टाका घालू शकत नव्हते.

बुधवारी दुपारी बल्ब आले. चार पिवळे एलईडी, मक्याच्या कणसासारखे, अंगभर बारीक दाणे. बाबांना खाली वाकवत नाही, म्हणून स्क्रू ड्रायव्हर माझ्या हाती आणि शब्द त्यांच्या तोंडी.

“कव्हरचे दोन स्क्रू काढ. एकदम नको गं, काच तडकेल. हां. आता बल्ब आत दाब आणि डावीकडे फिरव. दाबून फिरव! नुसता ओढलास तर हातात काच येईल.”

जुना बल्ब निघाला. काच आतून करडी पडलेली, पण तार शाबूत. नवा बसवला, पुढचे दोन, मागचे दोन. बाबांनी आत बसून दांडी खाली केली. मागचा लागला. पुढचा लागेना.

“खराब निघाला,” मी म्हणाले.

“उलटा बसला असेल. हे बल्ब मानी असतात. जुना बल्ब कसाही बसव, जळणार. याचं प्लस त्याला प्लसच्याच जागी लागतं. काढ, अर्धा फिरव, परत घाल.”

खरंच लागला. ज्याला हे सगळं इतकं नीट आठवतं, तो माणूस दांडी वर करायला कसा विसरेल? मी उठून उभी राहिले आणि पाहते तो दिवा वेड्यासारखा उघडझाप करत होता. नेहमीच्या दुप्पट वेगानं. आतून आवाजही तसाच, टिकटिकटिकटिक, जणू गाडीला धाप लागली होती.

“बाबा, काहीतरी बिघडलं.”

पण बाबा खूश. समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, “बघ, बघ! भिंतीवर दिसतोय.” पिवळा ठिपका भिंतीवर नाचत होता. “आता कळतं चालू आहे की बंद.”

“अहो, पण आवाजावरून कळतंच की.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ओट्यावर बसलेली आई खोकली. तिथं ना गाडी चालू होती ना धूळ होती.

संध्याकाळी एक फेरी मारली. समोरून येणारा रिक्षावाला ती धडधड उघडझाप पाहून घाबरला, त्यानं रिक्षा कडेला घेतली आणि आम्हाला हात केला, जा बाबांनो, आधी तुम्ही जा. सिग्नलपाशी एका बाईनं खिडकीशी वाकून विचारलं, “पेशंट आहे का आत?” आईनं प्लास्टर वर करून दाखवलं. पुढं आपसूक वाट मिळत गेली.

गुरुवारी आम्ही ठिणगीकडे गेलो. ठिणगी म्हणजे गाड्यांचं वायरिंग करणारी, चाळिशीची, दंडावर सोल्डरिंगचे डाग. बाबांकडेच गाडी शिकलेली. पहिल्याच दिवशी तिनं गाडी कचराकुंडीत घातली होती आणि उतरून बाबांना म्हणाली होती, “मास्तर, कुंडीनं आधी सांगितलं नाही.” हे नाव तिला तेव्हापासून.

“या मास्तर! कुंडी अजून तिथंच आहे,” तिनं स्वागत केलं. मग दांडी खाली करून ऐकलं आणि हसली. “एलईडी टाकलेत ना? बल्ब चांगलेत. फ्लॅशर बावचळलाय.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“डॅशबोर्डच्या आत एक डबी असते, तीच टिकटिक करते. तिला डोळे नाहीत. बल्ब करंट किती खातो, त्यावरून तिला कळतं की बल्ब जिवंत आहे. जुना बल्ब मोप खायचा. हा एलईडी चिमणीएवढं खातो. तर तिला वाटतं, बल्ब मेला. म्हणून ती जोरजोरात बोंब मारते, अरे बघा, अरे बघा. जो लख्ख जळतोय त्याच्याच नावानं!”

“मग आता?”

“एक तर वायरीला रेझिस्टर लावायचा, तो फुकटचा करंट खात बसतो. पण तापतो सणसणून, मला नाही आवडत. नाहीतर फ्लॅशरच नवा टाकायचा.”

बाबा गाडीच्या पुढं जाऊन बल्बांकडे बघत उभे होते. आई बाकावर बसली होती, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला. ठिणगीनं स्टिअरिंगखाली डोकं घातलं, जुनी डबी उपटून माझ्या हातात दिली, नवी बसवली. दांडी खाली केली. त्या बाजूचे दोन्ही बल्ब शांतपणे, एका तालात, उघडझाप करू लागले.

“झालं. फक्त एक आहे,” ती डोकं बाहेर काढत म्हणाली. “ही डबी मुकी आहे. हिच्यात पत्रा हलत नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक. टिकटिक येणार नाही. काही लोकांना चुकल्यासारखं होतं. मास्तरांना आठवणीनं सांग, त्यांचं सगळं कानावर असतं.”

परतताना मी पुढं बसले, आई मागं. मनात वाक्य जुळवत होते. कसं सांगावं? ज्या माणसानं जन्मभर शिकवलं की गाडी ऐकायची असते, त्याला सांगायचं की तुमची गाडी आता मुकी झाली. बाबांनी वळणाआधी दांडी खाली केली. गाडीत शुकशुकाट. इतकी वर्षं ऐकलेला आवाज नाही म्हटल्यावर मलाच चुकल्यासारखं झालं. आणि मला वाटलं, बाबांना तर किती चुकत असेल.

“बाबा,” मी हळूच सुरुवात केली, “आवाज कसा वाटतोय?”

“पहिल्यासारखा,” बाबा म्हणाले. “उलट जरा खणखणीतच झालाय.”

मी कान टवकारले. इंजिनाची घरघर. खिडकीचं रबर. बाकी काही नाही.

“टिकटिक येतेय?”

“येतेय की. हे काय. ऐकू नाही येत तुला?”

मी मागं वळले. “आई, तुला येतेय?”

आई खिडकीबाहेर बघत होती. “येतेय की,” ती म्हणाली. “छान येतेय.”

दोघांना येतेय, मला येत नाही. वळण होऊन गेलं, गाडी सरळ लागली, आणि डावा इंडिकेटर चालूच राहिला. दोन चौक. स्टिअरिंगला बाबांनी जाडजूड कव्हर घातलंय, त्याच्यामागं एक फिकट हिरवा बाण आहे, मान वाकडी केल्याशिवाय दिसत नाही आणि मान वाकडी करणं बाबांच्या शाळेत गुन्हा. मी मान वाकडी केली. बाण मिचकत होता. आई या खेपेला खोकली नाही.

“बाबा, इंडिकेटर.”

“माहितीये,” बाबा दांडी वर करत म्हणाले. “मुद्दाम ठेवला होता. नवे बल्ब आहेत, जरा जळू देत.”

शुक्रवारी मी माझे कान तपासले. भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहिले, आवाज आला. चमचा खाली टाकला, आला. मशीनची बॉबिन संपत आली की एक बारीक खरखर येते, तीही आली. तरी विश्वास बसेना. माणसाला दोघं मिळून सांगायला लागले की आकाश खाली आहे, तर तो आधी स्वतःचे पाय चाचपतो. शेवटी ठिणगीला फोन केला.

“ती डबी नक्की मुकी आहे ना?”

“ठार मुकी. का गं?”

“बाबा म्हणतात, खणखणीत आवाज येतो.”

ठिणगी म्हणाली, “जुनी डबी तुझ्याकडंच आहे ना? ती जपून ठेव, लागली तर परत बसवू,” आणि तिनं फोन ठेवला.

जुनी डबी माझ्या सुयांच्या डब्यात होती. मी ती काढून हातात घेतली. बाबा खोटं बोलतात असं म्हणावं, तर ते कशासाठी? बाबांना आवाजाचा भास होतो म्हणावं, तर दादा बरोबर, उद्याचं उत्तर ‘नाही’. पण मग आईलाही तोच भास? नवरा-बायकोचा संसार एक, पण भासही एक? खालून किटलीची शिट्टी आली, आली, येत राहिली. आईची चप्पल धावली. शिट्टी थांबली. मी डबी कानाशी धरून हलवली, तशी आत काहीतरी बारीक खुळखुळलं.

शनिवारी आईला हात दाखवायला दवाखान्यात न्यायचं होतं. साडेनऊला आम्ही निघालो. मी पुढचं दार उघडलं तर आई आधीच सीटवर.

“तू पुढं? आणि हात?”

“मागं हाडं खिळखिळी होतात. तू बस मागं.”

“तुझी ती उशी?”

“नको मला उशी. आणि पाय त्या ब्रेकवर पडतो म्हणून ओरडू नका हो,” हे बाबांना.

“पडू दे,” बाबा म्हणाले. “तुझ्या पायानं गाडी थांबली तर थांबली.”

मी मागं बसले, सात वर्षांची असताना बसायचे तिथंच. पिशवीत फोन. अकराला तो वाजणार, आणि एका शब्दाचं उत्तर अजून माझ्याकडे नव्हतं.

पहिलं वळण आलं. बाबांनी दांडी खाली केली. आवाज नाही. तेवढ्यात आईनं बगळ्यासारखी मान पुढं काढली आणि स्टिअरिंगच्या मागं, त्या फिकट हिरव्या बाणाकडे पाहिलं. मग प्लास्टरचा तो ओंडका उचलून बाबांच्या गुडघ्यावर ठेवला. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटांची टोकं हलू लागली. टप-टप. टप-टप. बाण मिचकला की टप, विझला की उचल. वळण झालं. चाक सरळ झालं. बोटं थांबली नाहीत. टप-टप. बाबांचा हात दांडीकडे गेला, दांडी वर आली, बाण विझला. बोटं थांबली.



दुसरं वळण. टप-टप, टप-टप. दांडी वर. थांब. तिसऱ्याला आईच्या कपाळावर घाम होता, हात दुखत असणार, पण ताल चुकला नाही. ओठही हलत होते. गाणं मला माहीत होतं. मागल्याला कळू दे गं, बेत माझ्या वाटेचा. आणि मागं मी होते, मला आज कळत होतं.

पालवी. खोकला. किटली. भिंतीवरचा ठिपका. लख्ख उजेड पाहिजे, दिसला पाहिजे. कुणाला, असं मी विचारलं होतं. महिनाभर सुटे पडलेले तुकडे आपापल्या जागी जाऊन बसले, आणि माझा गोंधळ मात्र संपायच्या ऐवजी दुसरीकडेच वळला. कारण आता मला माहीत होतं की बाबांचं डोकं शाबूत आहे, आणि मला हेही माहीत होतं की आईची बोटं शेजारी नसली तर रस्त्यावर आणखी एखादी स्कूटर आडवी होईल. मग तो एक शब्द कुठला?

दवाखान्यात डॉक्टरांनी हात पाहिला, अजून तीन आठवडे म्हणाले. आईचं तोंड उतरलं. बाबांचं तिच्याहून जास्त.

बाहेर आलो, बाबांनी गाडी चालू केली, निघण्यासाठी दांडी खाली केली. रस्त्यावर गाड्यांची रांग होती, थांबावं लागलं. तेवढ्यात फोन वाजला. मी उचलून स्पीकर चालू केला.

“बोल,” दादा म्हणाला. “काय ठरलं? हो की नाही?”

समोर दवाखान्याची पांढरी भिंत होती, तिच्यावर पिवळा उजेड पडत होता आणि जात होता. आईची बोटं गुडघ्यावर चालूच होती. मी त्या बोटांकडे बघत होते. आरशात बाबा माझ्याकडे बघत होते. मी काय बघतेय ते त्यांनी पाहिलं.

“हॅलो? ऐकू येतंय का?” दादा.

“दादा, मला वाटतं…” मी म्हणाले.

बाबांनी दांडी वर केली. इंजिन बंद केलं. आईची बोटं क्षणभर तशीच अधांतरी राहिली, मग खाली टेकली. बाबांनी तिच्या प्लास्टरवर आपला हात ठेवला.

“अहो, राहू दे ना,” आई पुटपुटली. “तीनच आठवडे तर आहेत.”

“तुला माहीत होतं?” बाबांनी तिला विचारलं. “मला वाटायचं, तू आपली जुन्या सवयीनं ताल धरतेस. आणि मी गुपचूप त्याचा फायदा घेतोय.”

“चार वर्षं कोण सवयीनं ताल धरतं? गुडघा आहे की तबला?”

बाबा हसले. मग त्यांनी किल्ली काढली, हात मागं केला आणि ती माझ्या तळव्यावर ठेवली. किल्ली गरम होती.

“फोन इकडं दे,” ते म्हणाले. आणि फोनमध्ये, शिकाऊशी बोलायचे त्याच शांत आवाजात, “ऐक रे. आजपासून गाडी तुझी बहीण चालवेल. मी शेजारी बसेन, माझा ब्रेक आहे तिथं. सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. ते काय म्हणतात बघू, मग किल्लीचं ठरवू.”

“कानाच्या?” दादाचा आवाज गोंधळला. “कुणाच्या कानाला काय झालं?”

समोरची गाड्यांची रांग हलली. मागून कुणीतरी हॉर्न दिला, जाड, बैलासारखा. तो बाबांना ऐकू आला. त्यांनी हात बाहेर काढून त्याला पुढं जायची खूण केली, आणि मग म्हणाले, “माझ्या. बारीक आवाज येतच नाहीत मला. किटलीचा नाही, टिकटिकीचा तर मुळीच नाही. चार वर्षं झाली. तुझी आई वाजवते, तेव्हा मला कळतं.”